स्त्रीबीज दान करताय? सही करण्याआधी या गोष्टी नीट समजून घ्या

मोबाईलवर मेसेज येतो. "स्त्रीबीज दाता पाहिजे. वय २३ ते ३०. काही त्रास नाही. दहा दिवसांत पैसे." कधी हा मेसेज बचत गटाच्या ग्रुपवर पडतो, कधी ओळखीची बाई कानात सांगते, तर कधी शहरात कामाला गेलेली नातेवाईक फोन करते. घरात फायनान्सचा हप्ता थकलेला असतो, शाळेची फी भरायची असते, औंदा सोयाबीनला भाव मिळालेला नसतो. अशा वेळी "काही त्रास नाही" हे तीन शब्द फार गोड लागतात.

स्त्रीबीज दान हे काही वाईट काम नाही. ज्या बाईच्या अंडाशयात बीज तयारच होत नाही, जिची पाळी कमी वयात कायमची गेली, कॅन्सरच्या उपचारात जिची अंडाशयं निकामी झाली, तिला दुसऱ्या बाईच्या बीजामुळे आई होता येतं. पण हे रक्तदानासारखं अर्ध्या तासात उरकणारं काम नाही. त्यात सुया आहेत, भूल आहे, थोडा का होईना धोका आहे. आणि त्यासाठी देशात स्वतंत्र कायदाही आहे. तो माहीत नसला की फसवणाऱ्याचं फावतं.

आधी शब्द समजून घेऊ

बाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एक-एक अंडाशय असतं. दर महिन्याला त्यात अनेक बीजं वाढायला लागतात, पण साधारणपणे एकच पूर्ण पिकतं. बाकीची आपोआप जिरून जातात. दान करताना इंजेक्शन देऊन त्या जिरून जाणाऱ्या बीजांपैकी काही पिकवली जातात आणि सुईने बाहेर काढली जातात. प्रयोगशाळेत पुरुषाच्या शुक्राणूंशी त्यांचं मीलन होतं, गर्भ तयार होतो आणि तो मूल हव्या असलेल्या बाईच्या गर्भाशयात सोडला जातो. बीज देणाऱ्या बाईच्या पोटात मूल वाढत नाही.

सरोगसी वेगळी. सरोगसीत दुसऱ्याचं मूल नऊ महिने पोटात वाढवायचं असतं. त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि पैशासाठी सरोगसी करायला भारतात बंदी आहे. एजंट बोलताना दोन्ही गोष्टींची सरमिसळ करतात. "नेमकं काय करणार?" हा पहिला प्रश्न त्यासाठीच विचारायचा.

कायदा काय सांगतो?

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. बोलीत त्याला एआरटी कायदा म्हणतात. बीज देणाऱ्या बाईने त्यातल्या एवढ्या गोष्टी तरी पाठच कराव्यात:

• वय २३ ते ३५ या दरम्यान हवं. २२ वर्षांची चालत नाही, ३६ वर्षांचीही नाही.

• स्त्रीबीज दान आयुष्यात एकदाच करता येतं. "सहा महिन्यांनी परत ये" असं कुणी म्हणत असेल तर तो कायदा मोडायला सांगतोय.

• एका बाईकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत.

• एका बाईची बीजं एकाच जोडप्याला देता येतात. वाटून दोघा-तिघांना देता येत नाहीत.

• दात्या शोधणं, त्यांची तपासणी करणं आणि त्यांना पुढे पाठवणं हे काम फक्त नोंदणीकृत एआरटी बँकेचं आहे. ही बँक दवाखान्यापासून वेगळी, स्वतंत्र नोंदणी असलेली संस्था असते. गावोगाव फिरणाऱ्या एजंटला कायद्यात जागा नाही.

• बीज घेणाऱ्या जोडप्याने किंवा बाईने दात्या बाईच्या नावाने १२ महिन्यांचा विमा काढून द्यायचा असतो. बीज काढताना काही गुंतागुंत झाली, अगदी जीव गेला, तरी त्यासाठी हा विमा आहे.

• लेखी संमतीशिवाय कोणतीही प्रक्रिया करता येत नाही. ही संमती सगळं समजावून सांगितल्यानंतरची हवी.

• बँक दात्या बाईचं नाव, पत्ता आणि आधार क्रमांक नोंदवून ठेवते. ही माहिती गुप्त ठेवायची असते.

बीजांची किंवा गर्भाची विक्री करणं, त्यासाठी एजन्सी किंवा रॅकेट चालवणं, बीज देणाऱ्या बाईचं शोषण करणं हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या वेळी ५ लाख ते १० लाख रुपये दंड आहे. पुन्हा तेच केलं तर तुरुंगवासही आहे.

मूल कुणाचं? पुढे हक्क सांगता येतो का?

नाही. जन्मलेलं मूल कायद्याने बीज घेणाऱ्या जोडप्याचंच मानलं जातं. बीज देणारी बाई त्या मुलावरचे सगळे पालकत्वाचे हक्क सोडते. तिला ते मूल भेटवलं जात नाही, कुठे आहे तेही सांगितलं जात नाही.

मुंबई उच्च न्यायालयात ऑगस्ट २०२४ मध्ये असंच एक प्रकरण आलं होतं. त्यात जुळ्या मुलींसाठी सख्ख्या बहिणीने बीज दिलं होतं. नवरा-बायको वेगळे झाल्यावर मुलींवर हक्क कुणाचा, असा वाद उभा राहिला. बीज दिलं म्हणून बहिणीला आईचा कायदेशीर हक्क मिळत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं आणि मुलींना भेटण्याची आईला परवानगी दिली.

"आपलं एक लेकरू कुठंतरी वाढतंय" हा विचार पुढे मनात येणार का, आणि आला तर तो सोसेल का, हे ज्या-त्या बाईने सही करण्याआधी स्वतःला विचारायचं. काहींना त्याचं काहीच वाटत नाही, काहींना रात्र-रात्र झोप लागत नाही. म्हणूनच समुपदेशन मागून घ्यावं.

आधी कोणत्या तपासण्या होतात?

एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी आणि गरमी म्हणजे सिफिलिस यांची रक्त तपासणी कायद्यानेच करावी लागते. त्याशिवाय रक्तगट, हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर बघतात. सोनोग्राफी करून अंडाशयात किती बीजं वाढू शकतील याचा अंदाज घेतात. घराण्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, मतिमंदत्व, मानसिक आजार आहे का हेही विचारतात. विदर्भात आणि नंदुरबार पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. तिथल्या बाईने ही तपासणी आवर्जून मागून घ्यावी.

डॉक्टरांपासून काय लपवू नये?

• अंगावर पिणारं बाळ असेल तर.

• तीन महिन्यांनी घ्यायचं "अंतरा" इंजेक्शन किंवा पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर. त्यांचा अंडाशयावर परिणाम होतो.

• पाळी अनियमित असेल, पीसीओडी सांगितलं असेल तर. अशा बाईला इंजेक्शनचा त्रास जास्त होण्याची शक्यता असते.

• दमा, फिट, हृदयाचा आजार, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, आधी भुलीचा झालेला त्रास.

• आधी कुठे बीज दिलं असेल तर.

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असेल तरी बीज देता येतं. त्या ऑपरेशनमध्ये नळी बंद करतात, अंडाशय चालूच असतं. बीज थेट अंडाशयातून काढलं जातं.

हिमोग्लोबिनकडे मात्र विशेष लक्ष द्यायला हवं. ज्या बाईचं रक्त आधीच आठ-नऊवर आहे तिने आधी रक्त वाढवावं, मग दुसऱ्याच्या संसाराचा विचार करावा. तपासणीचे सगळे रिपोर्ट मागून घ्यावेत. ते दात्या बाईचे आहेत, बँकेचे नाहीत.

प्रक्रिया कशी होते?

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू होतात. साधारण ८ ते १२ दिवस रोज सुई घ्यावी लागते, बहुतेक वेळा बेंबीच्या खाली पोटावर. मध्ये दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी होते. ही सोनोग्राफी बहुधा पोटावरून नसते, योनीमार्गातून असते. हे आधी कुणी सांगत नाही आणि मग बाई टेबलवर दचकते. बरोबर बाई कर्मचारी हवी, असं हक्काने सांगावं.

बीजं पिकली की शेवटचं इंजेक्शन देतात. त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. त्या दिवशी उपाशीपोटी यावं लागतं. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, योनीमार्गातून बारीक सुई अंडाशयात घालतात. पोटावर चिरा नसतो, टाके नसतात. वीस-तीस मिनिटांचं काम असतं आणि काही तास थांबवून त्याच दिवशी घरी सोडतात.

"दहा दिवसांचं काम" असं सांगितलं तरी तपासणीपासून पूर्ण बरं वाटेपर्यंत तीन-चार आठवडे धरून चालावं. दवाखान्यात पाच-सहा खेटे होतात. तालुक्याच्या गावापासून शहर शंभर किलोमीटर असेल तर तेवढे रोज बुडणार, तेवढं एसटीचं भाडं लागणार. हा हिशेब आधीच मांडावा.

या दिवसांत काय पाळायचं?

• हंडे, उसाच्या मोळ्या, खताची पोती उचलायची नाहीत. इंजेक्शनमुळे अंडाशयं फुगलेली असतात. जोराच्या हालचालीने ती पिळवटली जाऊ शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर तातडीचं ऑपरेशन लागतं.

• नवरा-बायकोचे संबंध डॉक्टर सांगतील तोवर बंद ठेवायचे. एरवी एक बीज पिकतं, या वेळी अनेक पिकलेली असतात. एखादं आत राहून गेलं तर दिवस जाऊ शकतात.

• बीज काढायच्या दिवशी सोबत घरचं माणूस हवं. भूल उतरली तरी चोवीस तास एकटीने प्रवास करू नये, गाडी चालवू नये.

त्रास किती होतो?

बहुतेक बायकांना पोट फुगल्यासारखं वाटतं, डोकं दुखतं, छाती दुखरी होते, चिडचिड होते, सुईच्या जागी काळं-निळं होतं. बीज काढल्यावर एक-दोन दिवस पाळीसारखं पोट दुखतं, थोडं रक्त जातं. हे आपोआप बरं होतं. साधारण दोन आठवड्यांत पुढची पाळी येते.

खरा धोका आहे तो अंडाशय गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होण्याचा. डॉक्टर त्याला ओएचएसएस म्हणतात. यात अंडाशयं खूप सुजतात आणि रक्तातलं पाणी पोटात, कधी छातीतही साठायला लागतं. सौम्य त्रास बऱ्याच जणींना होतो. गंभीर प्रकार फार थोड्या जणींना होतो, पण तो जिवावर बेतू शकतो. वय कमी, अंगकाठी बारीक आणि पीसीओडी असेल तर धोका जास्त.

सात बीजांच्या मर्यादेचं महत्त्व इथेच आहे. सातच बीजं काढायची असतील तर जोरदार डोस द्यायची गरज नाही. वीस-पंचवीस बीजं काढण्याच्या हव्यासाने डोस वाढवला की धोका वाढतो, आणि तो बाईच्या अंगावर पडतो. शेवटच्या इंजेक्शनचा प्रकार बदलूनही हा धोका बराच कमी करता येतो. म्हणून "सूज येऊ नये म्हणून तुम्ही काय करणार?" असं डॉक्टरांना सरळ विचारावं. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि भुलीचा त्रास हे धोके कमी आहेत, पण आहेत.

पुढे पाळी लवकर जाते का? एरवी जिरून जाणारीच बीजं वापरली जातात, त्यामुळे पाळी लवकर जाते असं मानलं जात नाही. यामुळे कॅन्सर होतो असंही सिद्ध झालेलं नाही. मात्र दात्या बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेले अभ्यास थोडेच आहेत. त्यामुळे "शंभर टक्के काहीच होत नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

लाज नको, डॉक्टरांना खरं सांगा

गावाकडे सगळ्यात मोठा घोळ होतो तो इथे. बाई शहरातून परत येते. घरी, शेजारी कुणाला सांगितलेलं नसतं. चार-पाच दिवसांनी पोट फुगतं, उलट्या होतात. गावातले डॉक्टर विचारतात, "काय खाल्लं होतं?" ती म्हणते, "काही नाही, गॅस झालाय." ॲसिडिटीची सुई देऊन तिला घरी पाठवतात. आणि मधल्या दोन दिवसांत पोटातलं पाणी वाढत जातं.

बीज काढल्यानंतरच्या दोन आठवड्यांत पुढीलपैकी काहीही झालं तर थांबू नये:

• पोट झपाट्याने फुगणं, साडीची गाठ किंवा सलवारची नाडी एकाएकी घट्ट होणं

• एक-दोन दिवसांत वजन एकदम वाढणं

• उलट्या न थांबणं, पाणीही न टिकणं

• लघवी कमी होणं, गडद होणं

• दम लागणं, आडवं झाल्यावर श्वास न पुरणं

• एका बाजूला अचानक असह्य कळ येणं

• ताप, घाण वासाचा स्राव, जास्त रक्त जाणं

• एका पायाला सूज आणि दुखणं

१०८ ला फोन करा. ज्या दवाखान्यात बीज काढलं तिथे कळवा. आणि समोर जो डॉक्टर असेल त्याला पहिलं वाक्य हेच सांगा: "माझं स्त्रीबीज काढलंय, अमुक तारखेला." एवढ्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते. दवाखान्याचे सगळे कागद आणि इंजेक्शनची चिठ्ठी यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. घरातल्या किमान एका माणसाला, आईला, बहिणीला, नवऱ्याला किंवा विश्वासातल्या आशाताईला, हे माहीत असायलाच हवं.

एजंट कसे फसवतात?

२०२२ मध्ये तमिळनाडूतल्या इरोडमध्ये उघड झालेलं प्रकरण देशभर गाजलं. १६ वर्षांच्या मुलीचं वय खोट्या आधार कार्डावर वाढवून दाखवलं होतं आणि तिची बीजं वेगवेगळ्या दवाखान्यांत पुन्हा पुन्हा विकली होती. पकडलेल्यांत तिची स्वतःची आई होती. त्याआधी २०१० मध्ये मुंबईत १७ वर्षांच्या मुलीचा बीज दिल्यानंतर मृत्यू झाला होता. ते प्रकरणही पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

या प्रकरणांतून धोक्याच्या खुणा ओळखता येतात:

• "आधार दुसऱ्याचं चालेल, आम्ही करतो." दुसऱ्याच्या नावाने सही केली की पुढे काही झालं तर ती बाई कागदावर तिथे नव्हतीच. मग विमा कुणाचा आणि भरपाई कुणाला?

• "आधी दिलंय हे सांगू नको."

• "एका बीजाला एवढे." बीज विकणं गुन्हा आहे आणि कायद्यात कुठलाही दर ठरलेला नाही. प्रवास, बुडालेली मजुरी, औषधं यांचं काय ते बँकेने लेखी सांगायला हवं, एजंटने तोंडी नाही.

• "सही इथं कर, वाचायला वेळ नाही." इंग्रजी कागदावर सही करू नये. मराठीत मागावा, मोठ्याने वाचून घ्यावा, प्रत ताब्यात घ्यावी.

• "कुणाला सांगू नको." माहिती गुप्त ठेवणं ही बँकेची जबाबदारी आहे. पण घरच्यांपासून तोडून एकटीला नेणं हा वेगळाच डाव असतो.

आपल्याकडे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हाही अनेक बायकांनी न विचारता, न वाचता सह्या केल्या होत्या. त्यावरून एक धडा घ्यायलाच हवा. आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

सही करण्याआधीचे सात प्रश्न

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि बँकेत गेल्यावर एकेक करून विचारा.

१. तुमच्या बँकेचं आणि दवाखान्याचं एआरटी कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवा. (नोंदणी झालेल्या संस्थांची यादी केंद्र सरकारच्या एआरटी व सरोगसी पोर्टलवरही बघता येते.)

२. माझ्या नावाचा १२ महिन्यांचा विमा कुठे आहे? किती रकमेचा? पॉलिसीची प्रत कधी मिळेल?

३. कोणतं इंजेक्शन, किती दिवस, किती डोस?

४. भूल देणारे डॉक्टर कोण? आयसीयूची सोय जवळ कुठे आहे?

५. रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? त्याचा खर्च कोण करणार?

६. मध्येच प्रक्रिया रद्द झाली तर माझ्या प्रवासाचं, मजुरीचं काय?

७. संमतीपत्राची मराठी प्रत आणि माझे सगळे रिपोर्ट मला मिळणार का?

यातल्या एकाही प्रश्नाला "त्याची गरज नाही" असं उत्तर आलं तर तिथून उठून यावं. होकार दिल्यावरही मन बदलता येतं. नको वाटलं तर बीज काढण्याच्या दिवशीही "नाही" म्हणता येतं. जबरदस्तीने कुणालाही टेबलवर घेता येत नाही. फक्त इंजेक्शनं सुरू झाल्यावर थांबायचं असेल तर ते डॉक्टरांना सांगूनच थांबावं, मध्येच गायब होऊ नये. अंडाशयं तोवर फुगलेली असतात आणि पुढची काळजी घ्यावी लागते.

तक्रार कुठे करायची?

कमी वयाच्या मुलीला नेलं, खोटं आधार बनवलं, धाक दाखवला, डांबून ठेवलं तर थेट पोलिसांना ११२ वर कळवावं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाईन आहे. बँक किंवा दवाखान्याविरुद्धची तक्रार राज्याच्या एआरटी समुचित प्राधिकरणाकडे करता येते. अर्ज कसा आणि कुठे द्यायचा हे जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात विचारता येईल. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे कोणत्याही महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातही विधी सेवा समिती असते.

ज्या बाईला दुसरीच्या घरी पाळणा हलावा असं मनापासून वाटतं, जिची तब्येत धडधाकट आहे, स्वतःची मुलंबाळं झालेली आहेत आणि कागद पक्के आहेत, तिने हे दान जरूर करावं. पण उद्याच्या हप्त्यासाठी आज घाईत सही करणाऱ्या बाईने एक रात्र थांबावं. हप्त्याला मुदत मागता येते, बचत गटात बोलता येतं. अंडाशयात गेलेली सुई मात्र परत घेता येत नाही.